वादळाआधी घरातली वीज: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सर, मागच्या वादळात आमचा टीव्ही आणि राउटर एकदमच गेले. बोर्डातला एमसीबी स्विच मात्र पडलाच नाही. आता सर्ज प्रोटेक्टर बसवून घेतला तर भागेल ना?

उत्तर: ताई, एमसीबी पडला नाही यात त्याची काही चूक नाही, त्याचं काम वेगळं आहे. लोड जास्त झाला किंवा शॉर्टसर्किट झालं की तो पडतो, म्हणजे मुळात तो वायर जळू नये म्हणून असतो. जवळपास वीज कोसळल्यावर लाइनवर जो झटका येतो तो काही मायक्रोसेकंदांचा खेळ, एमसीबी हलायच्या आत टीव्हीचा बोर्ड उडालेला असतो. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे इलेक्ट्रिशियन ज्याला एसपीडी म्हणतात तो, हा झटका अर्थिंगमध्ये सोडून देतो आणि सगळी मेख इथेच आहे, अर्थिंगच धड नसेल तर तो सोडणार कुठे? म्हणून कळकळीने सांगतो, आधी अर्थिंग बघा आणि मग एसपीडीला पैसे घाला.

अर्थिंगचा खड्डा उघडून बघा. बऱ्याच ठिकाणी वायर जिथे क्लॅम्पला बांधलेली असते तिथला नट गंजलेला असतो, तांब्यावर हिरवट थर चढलेला असतो, हाताने हलवलं तर वायर लगेच डुगडुगते. असा जोड असला काय आणि नसला काय सारखंच. इलेक्ट्रिशियनला अर्थ टेस्टर लावून रेझिस्टन्स मोजायला सांगा, टेस्ट लॅम्प पेटला म्हणजे अर्थिंग चांगलं असं नसतं, खराब अर्थिंगवरही तो पेटू शकतो.

ईएलसीबीचं, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण पण दाबून बघा. दाबल्यावर पडला नाही तर बदलून टाका, माणसाला शॉकपासून वाचवायला 30 मिलीअँपिअरचा लागतो. पण बटण दाबून तो पडला म्हणून अर्थिंग ठीक आहे असं अजिबात समजू नका, ते बटण फक्त ईएलसीबी चालतो की नाही एवढंच सांगतं, अर्थिंग तुटलेलं असलं तरी तो पडतोच.

हे सगळं झालं की मेन बोर्डात एसपीडी घ्या आणि त्याच्या वायरी शक्य तेवढ्या आखूड ठेवायला सांगा, सगळ्या मिळून अर्ध्या मीटरच्या आत. वायर लांब गेली की झटक्याचा बराच भाग घरात शिल्लक राहतो, बोर्डात सुबक दिसावं म्हणून वायर फिरवून घेणारे लोक इथेच फसतात. बऱ्याच एसपीडींवर छोटी खिडकी असते, ती लाल झाली की त्याचं आयुष्य संपलं. राउटर मात्र केबलच्या तांब्याच्या वायरीतून आलेल्या झटक्यानेही जातो, त्यामुळे वादळाची चाहूल लागली की प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवा. हे आधीच करायचं हं, डोक्यावर गडगडाट सुरू झाल्यावर प्लगला हात लावायला जाऊ नका. वीज थेट घरावरच पडली तर घरातला एसपीडी एकटा पुरा पडत नाही.

प्रश्न: जोराचा वारा सुटला की आमच्याकडे काही दिवे एकदम भगभगीत होतात, काही मंद होतात, पंखा सुसाट पळतो. थोड्या वेळाने सगळं आपोआप ठीक होतं. काळजीचं आहे का?

उत्तर: हो, आणि भरपूर आहे. कुठेतरी न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, लूज झालाय. न्यूट्रल सुटला की 230 व्होल्टच्या जागी 400 च्या जवळपास येऊ शकतात आणि ते मिनिटामिनिटं राहतात, इथे एसपीडीचा उपयोग नाही, उलट तोच जळू शकतो. असं दिसलं की तपासत बसू नका, थेट मेन स्विच बंद करा. वीज कंपनीला कळवा, खांबापासून मीटरपर्यंतचा जोड त्यांचा असतो, तिथे आपण किंवा आपल्या इलेक्ट्रिशियनने हात घालायचा नाही. मीटरच्या पुढचे, आपल्या बोर्डातले न्यूट्रलचे स्क्रू मात्र मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून आवळून घ्या, आणि जास्त-कमी व्होल्टेजला आपोआप तोडणारा प्रोटेक्टर बसवा.

प्रश्न: लाइट गेल्यावर जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातली तर अख्खं घर चालतं. मेन बंद ठेवला तर हरकत काय?

उत्तर: नका करू हो. एखाद्या दिवशी घाईत मेन बंद करायचा राहिला की तुमचा करंट उलटा लाइनवर जातो, ट्रान्सफॉर्मर तो चढवून हजारो व्होल्ट करतो आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला माणूस जातो. शिवाय त्या वायरीच्या प्लगच्या पिना उघड्या असतात आणि त्यात करंट असतो. चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, मग दोन्ही सप्लाय एकत्र येऊच शकत नाहीत. आणि जनरेटर घराबाहेर, खिडकी-दारापासून चांगला लांब ठेवा, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.