पोरांना थेट कोडमध्ये उतरवू नका
सर, समाजोपयोगी ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रकल्पांवर पोरांकडून काम करून घ्यायचं म्हणताय ना, मग पहिल्याच सेमिस्टरला त्यांना ओपनएमआरएसच्या कोडमध्ये उतरवू नका, माझं ऐका. दवाखान्यांच्या नोंदींचं ते सॉफ्टवेअर 2004 पासून वाढत आलंय, नुसतं लॅपटॉपवर चालू करायलाच माझ्या पोरांचे दोन आठवडे गेले आणि निम्मी तिथंच गळाली. आधी महिनाभर ओपनस्ट्रीटमॅप करा, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेला जगाचा खुला नकाशा, त्यात टास्किंग मॅनेजर या कामं वाटणाऱ्या साइटवरून नकाशाचा एक चौकोन उचलायचा, सॅटेलाइट फोटोवरून घरं काढायची, घर काढलं की कीबोर्डवर क्यू दाबायचं म्हणजे कोपरे काटकोनात येतात, झोपडी गोल असेल तर ओ. माझी एक विद्यार्थिनी गवताच्या गंजींनाच घरं समजून काढत होती, टास्क परत आलं तेव्हा रडवेली झाली, पण नंतर सावल्या बघून ओळखायला शिकली. 2010 च्या भूकंपानंतर हैतीचे रस्ते असेच घरबसल्या लोकांनी काढले आणि मदत पथकांनी तेच नकाशे वापरले, हे पोरांना नक्की सांगा.

आणि आधी तुम्ही स्वतः एक टास्क पूर्ण करा, पोरं बघतात हो. पुढे कोडवर आलात की मार्क पॅच, म्हणजे पोरानं कोडमध्ये केलेला बदल, मूळ सॉफ्टवेअरमध्ये मर्ज झाला का यावर देऊ नका, रिव्ह्यू करणारे बरेचदा स्वयंसेवक असतात, त्यांना आपल्या परीक्षेची तारीख कुठून ठाऊक असणार. रिव्ह्यूनंतर पोरानं काय सुधारलं त्यावर द्या.