चॉप्स वातड आणि सफरचंदाचा लगदा, काय करू?

प्रश्न (मिशिगनहून एक वाचक): ताई, इथे थंडी सुरू झाली की घरात सगळ्यांना काहीतरी गरमागरम पोटभरीचं हवं असतं, म्हणून मी पोर्क चॉप्स, सफरचंद, कांदा आणि सेज या सुगंधी विलायती पाल्याची पानं असं सगळं बिडाच्या पॅनमध्ये घालून झाकण ठेवते. पण चॉप्स वातड होतात आणि सफरचंदाचा पार लगदा. मुलं तर सफरचंद बाजूलाच सारतात. काय करू?

उत्तर: सगळं एकदम पॅनमध्ये जातंय आणि वर झाकण, तिथेच घोळ होतोय. पॅन एकच ठेवा पण पाळ्या लावा, आधी मांस, ते बाहेर काढलं की फळ, आणि अगदी शेवटी दोघांची गाठ. झाकणाने वाफ कोंडते, मांसाला रंग येत नाही आणि सफरचंद शिजून बसतं.

आधी दुकानातच बघा. पातळ चॉप्स घेऊच नका, रंग यायच्या आत आतून कोरडे होतात. हाडासकट, साधारण इंचभर जाड घ्या. आणि पाकिटावरचं बारीक अक्षरातलं वाचा, तिकडे बऱ्याच पोर्कमध्ये मिठाचं पाणी आधीच टोचलेलं असतं, तसं असेल तर मीठ अगदी बेताने. नसेल तर दोन्ही बाजूंनी मीठ चोळून अर्धा-पाऊण तास ठेवा आणि पॅनमध्ये टाकायच्या आधी पेपर टॉवेलने टिपून खडखडीत कोरडे करा, ओलं मांस भाजलं जात नाही, नुसतं उकडतं. कडेची चरबीची पट्टी असते ना, तिला कात्रीने दोन-तीन ठिकाणी चिरा द्या म्हणजे चॉप वाटीसारखा वर उचलला जाणार नाही.

पॅन चांगलं तापू द्या, थोडं तेल, आणि पहिल्यांदा चॉप चिमट्यात धरून त्या चरबीच्या कडेवर उभा करा. मिनिटभरात कड सोनेरी होते, चरबी सुटते आणि पुढचं सगळं त्याच चरबीत होतं, ही पायरी गाळू नका हो, चव इथूनच येते. मग आडवा टाकून दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटं, मधे मधे हलवायचं नाही. मांसात टोचलेला थर्मामीटर १३० ते १३५ फॅरनहाइट दाखवायला लागला की ताटलीत काढा. कच्चं राहील म्हणून घाबरू नका, ते परत पॅनमध्ये जाणारच आहे. जुन्या रेसिपीत १६० पर्यंत शिजवा म्हणायचे पण अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये चॉप्ससारख्या अख्ख्या तुकड्यांसाठी १४५ फॅरनहाइट आणि वर ३ मिनिटं विश्रांती पुरे असं सांगितलं. खिमा असेल तर मात्र १६०च. हल्लीचं पोर्क पूर्वीपेक्षा बरंच कमी चरबीचं असतं, त्यामुळे १६० पर्यंत नेलेला चॉप वातड होणारच. थर्मामीटर नसेल तर आधी तो घ्या, अंदाजाने करायचं काम नाही हे.

आता फळ. मॅकिंटॉश विरघळतं, ते सॉसला ठेवा. ग्रॅनी स्मिथ घ्या नाहीतर हनीक्रिस्प, आणि तुमच्या मिशिगनच्या बागांमधलं नॉर्दर्न स्पाय मिळालं तर सोन्याहून पिवळं. साल काढू नका, सालीमुळेच फोड धरून राहते. जाड आठ फोडी करा. पॅनमध्ये चमचाभर बटर, त्यात सेजची सहा-सात पानं, ती फुलून कुरकुरीत झाली की लगेच काढून ठेवा, वरून घालायला. मग उभा चिरलेला कांदा, तो मऊ झाला की फोडी आणि थाइम या सुगंधी पाल्याच्या दोन काड्या. फोडींना एका बाजूने रंग आला की उलटा आणि थांबा, सुरी टोचली तर जराशी अडली पाहिजे.

मग अर्धी वाटी अॅपल सायडर घाला, म्हणजे तिकडे पानगळीत मिळतं ते गढूळ बिनदारूचं, आणि तळाला लागलेली खरपूस खरवड लाकडी उलथन्याने सोडवून घ्या. ती खरवड म्हणजे जीव आहे या पदार्थाचा. रस निम्मा आटला की चमचाभर मोहरीचं सॉस, चॉप्स आणि ताटलीत साठलेला रस परत आत, १४५ झालं की गॅस बंद. सायडर व्हिनेगरचे चार थेंब अगदी शेवटी, बिडात आंबट जास्त वेळ उकळलं की लोखंडी चव उतरते. सोबत कुस्करलेला बटाटा करा, रस वाया जात नाही.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक): हे इथे जमेल का? सेज कुठेच मिळत नाही. आणि फळ घालून मटण-पोर्क असलं काही घरी खपेल का?

उत्तर: जमेल, पण १४५ फॅरनहाइटचा हिशोब इथे लावू नका. आपल्याकडे पोर्कमधून टेपवर्मचा धोका खरा आहे, त्यामुळे खात्रीच्या कोल्ड स्टोरेजमधूनच घ्या आणि आतपर्यंत पूर्ण शिजवा, ७१ सेल्सिअसच्या पुढेच. एवढं शिजवून चॉप कोरडा होतो म्हणून शोल्डरचे तुकडे घ्या, भाजून घ्या आणि थोड्या पाण्यात झाकून मंद आचेवर मऊ होईपर्यंत शिजवा, दीड तास तरी धरा. सफरचंद शेवटच्या दहा मिनिटांत. आपलं लाल गोड सफरचंद पिठूळ होतं, हिरवं आंबट घ्या नाहीतर कडक नासपती. थाइम, रोझमेरीची पाकिटं मिळतात बऱ्याच ठिकाणी, नाहीच मिळाली तर चिमूटभर ओवा, थाइमला वास देणारा थायमॉल ओव्यातही असतोच.

आणि खपेल का म्हणाल तर गोव्यात पोर्कमध्ये आमसुलं घालून सोलांतुलें करतात, कोडगूची (कूर्गची) पंदी करी, म्हणजे पोर्कचा रस्सा, काचंपुळी या फळापासूनच्या आंबट अर्काशिवाय होत नाही. चरबी आणि आंबट फळ ही जोडी आपल्याकडे नवी नाही. सफरचंदाला घरून नकार आला तर आमसुलं घाला, पाच-सहा पुरे, मीठ मात्र त्यानंतर चाखून.