सरासरी उणे, तरी गिऱ्हाईक नाराज

प्रश्न : सोलापूर एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. ऑर्डरी गूगल शीटमध्ये भरतो, रिपोर्ट लुकर स्टुडिओत (गूगलच्या रिपोर्ट बनवायच्या साधनात) बघतो. त्यात सरासरी उशीर ‘उणे 1 दिवस’ दिसतो, पण व्यापाऱ्यांचे ‘माल कुठंय?’ म्हणून रोज फोन येतात. चुकतंय कुठं?

उत्तर : वेळेआधी गेलेला माल तुमच्या उशिराचे दिवस खाऊन टाकतोय. पाच ऑर्डरी घ्या. एक 6 दिवस आधी गेली, एक 4 दिवस आधी, एक वायद्याला, एक 3 दिवस उशिरा आणि एक 2 दिवस उशिरा. बेरीज उणे 5, सरासरी उणे 1. पण ज्याला माल 3 दिवस उशिरा मिळाला, त्याला दुसऱ्याच्या लवकर पोचलेल्या गाठोड्याचा काय उपयोग?

म्हणून दोन आकडे वेगळे दाखवा : उशीर झालेल्या ऑर्डरी 5 पैकी 2, म्हणजे 40 टक्के, आणि त्यांचा सरासरी उशीर 2.5 दिवस. त्यासाठी कॅल्क्युलेटेड फील्ड (सूत्रानं भरणारा रकाना) असं करा, यात ‘पोच’ म्हणजे माल पोचल्याची तारीख आणि ‘वायदा’ म्हणजे कबूल केलेली तारीख : ‘केस व्हेन डेट_डिफ(पोच, वायदा) > 0 देन डेट_डिफ(पोच, वायदा) एंड’. फंक्शनची नावं रोमन लिपीतच टाइप करा. शेवटी ‘एल्स 0’ लिहू नका. शून्य सरासरीत धरलं जातं, रिकामी जागा धरली जात नाही.

खरा धोका पुढं आहे. जी ऑर्डर अजून गेलीच नाही तिची पोच तारीख रिकामी, म्हणून ती सरासरीतून गळते. महिनाभर अडकलेला माल रिपोर्टमध्ये दिसतच नाही! अशा ऑर्डरींसाठी पोचेच्या जागी ‘करंट_डेट()’, म्हणजे आजची तारीख, घालून स्वतंत्र आकडा ठेवा. रद्द ऑर्डरी त्यातून आधी वगळा.

शीटमध्येच वजाबाकी करत असाल, तर रिकामी तारीख शून्य धरली जाते आणि शीट आतून तारखेला दिवसांचा आकडा मानत असल्यानं उत्तर उणे चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातं. तारखाही तपासा. शीटचं लोकेल (कोणत्या देशाच्या पद्धतीनं तारीख वाचायची ती सेटिंग) अमेरिकेचं असेल, तर 05/03 म्हणजे 3 मे होतो आणि 13/03 नुसता मजकूर म्हणून डावीकडे चिकटतो. फाइल, सेटिंग्जमध्ये लोकेल भारत करा. मात्र आधी चुकीच्या वाचल्या गेलेल्या तारखा त्यानं सुधारत नाहीत, त्या पुन्हा भराव्या लागतात.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतली सुट्टी उशिरातून वजा करू नका. ती वायदा देतानाच धरायची.

प्रश्न : रद्द ऑर्डरींची टक्केवारी दर वेळी वेगळी का येते?

उत्तर : एका ऑर्डरीत टॉवेल, नॅपकिन, चादर अशा तीन ओळी असतील, तर ओळी मोजल्या जातात. ‘काउंट_डिस्टिंक्ट’ लावून ऑर्डर क्रमांक मोजा, म्हणजे एक क्रमांक एकदाच धरला जाईल. ऑर्डरीतली एखादीच ओळ रद्द झाली, तर ती डझनांच्या हिशेबात वेगळी दाखवा. शिवाय महिना ऑर्डरीच्या तारखेनं धरा. जानेवारीची ऑर्डर फेब्रुवारीत रद्द झाली की जानेवारीचा आकडा वाढणारच, म्हणून चालू महिन्याच्या टक्केवारीवरून कुणाला बोल लावू नका.