आमच्या सोसायटीला तुर्भ्याच्या वस्तीतल्या मुलांसाठी दातांचं शिबिर घ्यायचं आहे, पैसे थोडेच आहेत; काय करावं?

तुमच्या सोसायटीचा बेत असा दिसतो: एक दिवस तपासणी, प्रत्येक मुलाला ब्रश-पेस्टचं किट आणि एक भाषण. मी रबाळ्याला वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवतो, त्या अनुभवावरून सांगतो, तपासणीवर पैसे घालवू नका. ती होतेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला; त्याचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा यावं अशी सोय आहे, आणि त्यात किडलेले दातही बघतात. मुलाच्या हातात दवाखान्यात दाखवायची चिठ्ठी येते. घोडं अडतं ते चिठ्ठीच्या पुढे. ओपीडी सकाळची, बाप नाक्यावर, आई धुण्याभांड्याच्या कामाला. दवाखान्यात गेलं की खाडा. दाढेला दोन-तीन खेपा लागल्या तर तितके खाडे. मग लवंग दाबायची, मेडिकलमधून गोळी आणायची, आणि ठणका थांबला की विषय संपला.

आमच्याकडे दुसरीतली एक मुलगी पोळी चहात पार लगदा होईपर्यंत बुडवून ठेवायची. आईला वाटायचं, नखरे आहेत. तोंड उघडायला लावलं तर खालच्या दोन्ही बाजूंच्या शेवटच्या दाढा काळ्या पडून पोखरलेल्या. ‘दुधाच्याच ना, पडतील की,’ आई म्हणाली. पण त्या दुधाच्या नव्हत्या. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते, तीच कायमची. तिच्यासाठी आधी कुठला दात पडत नाही, म्हणून ती आल्याचं घरात कुणाला कळतच नाही. भाषण द्यायचंच असेल तर एवढं एकच दाखवा, आयांना, त्यांच्याच पोराच्या तोंडात, मोबाइलच्या टॉर्चने. राक्षसाच्या वेषातला कीडोबा नाचवणारी नाटुकली मी पुष्कळ पाहिली आहेत. पोरं हसतात, बस.

उपचाराला नवी मुंबईत जागा कमी नाहीत. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, खारघरला वायएमटी, कामोठ्याला एमजीएम, अशी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे खर्च खासगी दवाखान्याच्या मानाने बराच कमी येतो, आणि मुलांच्या दातांच्या विभागात शिकणाऱ्या डॉक्टरांनाही पेशंट हवेच असतात. कॉलेजच्या सार्वजनिक आरोग्य विभागाला सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्या. वस्तीत शिबिरं घेणं हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग आहे. त्यांना आधीच विचारा, जागेवर काय कराल? लहान खड्डा मशीन न लावता हाताच्या अवजाराने साफ करून दातांच्या सिमेंटने भरता येतो, वीजही लागत नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध लावलं तर कीड बहुतेक वेळा तिथेच थांबते, फक्त तो भाग कायमचा काळा होतो. पुढच्या दाताला लावायचं असेल तर आईला आधी सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी वस्तीत बोंब.

उरलेल्या कामाला कॉलेजच गाठावं लागतं, आणि तुमचे पैसे तिथे लावा. तुर्भ्याहून नेरूळ दुसरं स्टेशन. पालकांची लेखी संमती घेऊन दोन स्वयंसेवकांनी चार-पाच मुलं न्यायची. दात काढायचा असेल तेव्हा मात्र आई किंवा बाप सोबत हवाच. त्या दिवसाची मजुरी सरळ भरून द्या. ‘अशाने सवय लागेल’ म्हणणारे कमिटीत निघतील. कुणी मजुरीसाठी पोराची दाढ किडवत नाही, एवढंच त्यांना सांगा.

किट द्याच, पण घरातली माणसं मोजून, कारण एकच ब्रश दिला तर तो तिघा भावंडांत फिरतो. पेस्ट महाग नको, ट्यूबवर फ्लोराइड १००० पीपीएम छापलेलं बघून घ्या. लाल मंजनात ते सहसा नसतं. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी. पाण्याच्या रांगेमुळे सकाळी घाई असते, तेव्हा रात्री झोपतानाचा ब्रश चुकवू नका म्हणावं, आणि नंतर नुसतं थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. आणि आजीबाईंशी मिश्रीबद्दल वेगळं, बाजूला घेऊन बोला. ‘दुखतंय ना, लाव थोडी’ म्हणत ती मिश्री नातवाच्या बोटावर येते.