‘दंडाधिकारी’ की ‘तपासी न्यायाधीश’?

एमिल गाबोरियो यांच्या ‘लरूज प्रकरण’ या जुन्या फ्रेंच रहस्यकादंबरीचा इंग्रजीवरून मराठी अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे: त्यातल्या ‘एक्झॅमिनिंग मॅजिस्ट्रेट’ला मराठीत काय म्हणावे? त्यांनी ‘दंडाधिकारी’ लिहून पाहिले. पण हा दंडाधिकारी खुनाच्या जागी स्वतः जातो, पोलिसांना हुकूम देतो, साक्षीदारांना दिवसदिवस प्रश्न विचारतो, आणि हे त्यांना खटकते.

खटकते ते योग्यच आहे. इंग्रजी शब्द बाजूला ठेवून मुळाकडे जाऊ. फ्रेंचमध्ये हा माणूस आहे ‘झ्यूज दँस्त्र्यूक्सियों’. ‘झ्यूज’ म्हणजे सरळ न्यायाधीश. ‘अँस्त्र्यूक्सियों’चा अर्थ इथे शिकवण किंवा सूचना नव्हे, पुरावे गोळा करून प्रकरण निकालासाठी तयार करणे, हा त्याचा कायद्यातला अर्थ. नेपोलियनच्या काळात, १८०८ साली, फ्रान्सची फौजदारी प्रक्रिया संहिता झाली आणि तिने हे काम एका न्यायाधीशाच्या हाती दिले. घटनास्थळाची पाहणी, झडती, अटकेचा हुकूम, आरोपीचा जबाब, सगळे त्याच्याकडे. पोलीस त्याच्या हुकुमाने चालतात. आरोपीच्या विरुद्ध जाणारा पुरावा जसा त्याने शोधायचा, तसाच त्याच्या बाजूचाही. मात्र दोषी की निर्दोष हा निकाल तो देत नाही. खुनासारखा गुन्हा असेल तर तो खटला ज्यूरीसमोर, दुसऱ्या न्यायालयात चालतो.

आता ‘दंडाधिकारी’ पाहा. हा शब्द वाचला की आपल्या डोळ्यांसमोर रिमांडसाठी आरोपी हजर करतात ते कोर्ट येते, नाहीतर तहसीलदार, कारण तेही कार्यकारी दंडाधिकारी असतात. आपल्याकडे तपास पोलिसांचा आणि दंडाधिकारी त्यापासून दूर. हे नुसते वहिवाटीने नाही: १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली तपासाची व्याख्याच सांगते की तो पोलीस अधिकाऱ्याने करायचा, किंवा दंडाधिकाऱ्याने अधिकार दिलेल्या, पण स्वतः दंडाधिकारी नसलेल्या माणसाने. २०२४पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ते तसेच आहे. म्हणजे ‘दंडाधिकारी’ म्हणताक्षणी मराठी वाचक जो माणूस समजतो, त्याला कादंबरीतले मुख्य काम करण्याची मुभाच नाही.

इंग्रजीचा शब्दशः आधार घेऊन ‘परीक्षक दंडाधिकारी’ करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. तो परीक्षा घेणारा वाटतो. ‘कोतवाल’ हा शब्द मला काही काळ आवडला होता, कारण पेशवाईतल्या पुण्यात कोतवालाकडे बंदोबस्तही असे आणि काही प्रमाणात न्यायही. पण त्या शब्दाबरोबर पगडी, चावडी आणि शनिवारवाडा येतो. पॅरिसजवळच्या खेड्यात १८६२च्या मार्चमध्ये झालेल्या खुनाच्या कथेत त्याला जागा नाही.

‘चौकशी न्यायाधीश’ हा पर्याय वाईट नाही. ‘न्यायालयीन चौकशी’, ‘चौकशी आयोग’ यांमुळे चौकशी आणि न्यायाधीश ही जोडी आपल्या कानाला सवयीची आहे. तरी मी तो घेणार नाही. चौकशी आयोग घटना होऊन गेल्यावर बसतो आणि अहवाल देतो. कादंबरीतला हा न्यायाधीश, दाब्यूरों, प्रेत अजून घरात असताना तिथे पोहोचतो.

माझे मत ‘तपासी न्यायाधीश’ या शब्दाला. आपल्या पोलीस ठाण्यांत ‘तपासी अंमलदार’ रोजचा आहे, त्यामुळे घडण परकी वाटत नाही. आणि ‘तपास’ व ‘न्यायाधीश’ शेजारी आले की मराठी वाचक क्षणभर थबकतो. ते थबकणे मला हवेच आहे, कारण कादंबरीचा सगळा ताण तिथेच आहे. दाब्यूरोंचे क्लेर नावाच्या मुलीवर प्रेम होते. तिने त्याला नकार दिला, कारण तिचे मन आल्बेर या तरुणावर होते. आता खुनाचा संशय त्याच आल्बेरवर आहे आणि त्याला प्रश्न विचारायचे आहेत दाब्यूरोंनेच. त्या काळी अशा जबाबाच्या वेळी आरोपीसोबत वकीलही नसे. ती मुभा फ्रान्समध्ये १८९७च्या कायद्याने मिळाली. खोलीत न्यायाधीश, जबाब लिहून घेणारा कारकून आणि आरोपी, एवढेच. हे प्रकरण आपण सोडावे की चालवावे, या दाब्यूरोंच्या घालमेलीचे वजन त्याच्या पदामुळे आहे. त्याला ‘दंडाधिकारी’ केले की वाचकाला वाटणार, हा आज कोठडी देईल आणि उद्या फाइल पुढे जाईल, एवढे काय त्यात!

आणखी एक जागा सांभाळावी. फ्रेंच ‘कोमिसेर’चा ‘पोलीस आयुक्त’ करू नये. तो एखाद्या भागाचा पोलीस अधिकारी असतो, शहराचा प्रमुख नव्हे. ‘पोलीस निरीक्षक’ त्याला जास्त जवळ जाते.

संवादांत मात्र ‘तपासी न्यायाधीश’ कोणाच्याही तोंडी घालू नका. निवेदनात तो पहिल्यांदा येईल तिथे पूर्ण लिहा, पुढे नुसते ‘न्यायाधीश’ पुरेल. पोलीस आणि साक्षीदार त्याला ‘साहेब’ म्हणतील, फार तर ‘जजसाहेब’. हौशी गुप्तहेर ताबारे हा वयाने मोठा आणि मोकळा माणूस आहे, पण तोही दाब्यूरोंशी ‘अहो-जाहो’नेच बोलेल; आणि दाब्यूरों आल्बेरशी बोलताना, मनात काहीही असले तरी, ‘तुम्ही’ सोडणार नाही.