भूकंपातून सावरणाऱ्या शहरात कामासाठी जाताना कोणती काळजी घ्यावी?

शिरोली एमआयडीसीतील फौंड्रीतर्फे तुर्कस्तानातील इस्केंदेरुनला जायचे असून कोणती काळजी घ्यावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सर्वाधिक लक्ष मुक्कामाच्या इमारतीकडे द्यावे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी ७.८ आणि ७.५ तीव्रतेचे दोन भूकंप काही तासांच्या अंतराने झाले आणि दोनच आठवड्यांनी, २० फेब्रुवारीला, इस्केंदेरुन ज्या हाताय प्रांतात आहे तेथे पुन्हा मोठा धक्का बसून आधीच खिळखिळ्या झालेल्या इमारती कोसळल्या. म्हणून हॉटेलच्या इमारतीची अधिकृत तपासणी झाली आहे का, हे यजमान कंपनीकडून लेखी मागवून घ्यावे. तळमजल्यावर दुकानांसाठी भिंती काढलेली उंच इमारत टाळावी, कारण असा मोकळा मजला हादऱ्यात प्रथम खचण्याचा धोका असतो. कोयनेचा हादरा जाणवला की कोल्हापुरात आपण बाहेर धावतो. तेथे मात्र जिन्याकडे वा लिफ्टकडे न धावता मजबूत टेबलाखाली डोके झाकून थांबावे. मलब्याच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतुमय खनिज) असू शकतो, त्यामुळे एफएफपी३ किंवा पी-१०० दर्जाचा, बारीक तंतू गाळणारा मास्क जवळ ठेवावा. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. ज्यांच्याशी बैठका होतील, त्यांच्यापैकी काहींनी घरची माणसे गमावली असतील; त्यांनी विषय काढल्यास शांतपणे ऐकावे, पण आपण होऊन चौकशी करू नये आणि पडक्या घरांचे फोटो काढू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.