वाचकांचे प्रश्न : काच विजेला दाद देते का?

या महिन्याच्या टपालात काच, स्फटिक, प्रकाश आणि वीज यांबद्दलची पाच-सहा पत्रे आली. काही पत्रांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून ती सलग वाचावीत.

प्रश्न : 5 सेंमी. लांब आणि 5 मिमी. जाड काचेच्या ठोकळ्याला दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचे पत्रे लावून 5000 व्होल्ट दिले. ठोकळा काटकोनात फिरवलेल्या दोन पोलरॉइडच्या (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या पट्ट्यांच्या) मध्ये ठेवला आणि त्यातून लाल लेझर सोडला. केर परिणामामुळे पडद्यावर उजेड यायला हवा होता, तो आला नाही. मात्र ठोकळ्याचा चिमटा आवळला की उजेड येतो! आमचे काय चुकते? (पदार्थविज्ञानाचे शिक्षक, कनिष्ठ महाविद्यालय)

मांडणीत फारसे चुकलेले नाही. तुम्ही शोधता आहात तो परिणाम फार लहान आहे, आणि चिमट्याचा परिणाम त्यापेक्षा प्रचंड मोठा.

विद्युत क्षेत्रात काच किंचित द्विअपवर्तनी होते, म्हणजे क्षेत्राच्या दिशेने कंप पावणाऱ्या आणि त्याला काटकोनात कंप पावणाऱ्या प्रकाशाला तिचा अपवर्तनांक वेगवेगळा भासतो. हा फरक क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ग्लासगोच्या जॉन केर यांनी 1875 मध्ये हे दाखवले. काचेच्या तुकड्याला दोन बाजूंनी भोके पाडून त्यांत त्यांनी तारा घातल्या आणि प्रेरण-वेटोळ्याचे उच्च व्होल्टेज दिले. तेही एका अध्यापक विद्यालयात गणित शिकवत, हे तुम्हाला वाचायला आवडेल.

आता तुमचे आकडे. 5 मिमी.वर 5000 व्होल्ट म्हणजे मीटरला 10 लाख व्होल्ट. सिलिकासारख्या काचेचा केर स्थिरांक (परिणाम किती मोठा ते सांगणारा आकडा) नायट्रोबेंझीन या द्रवाच्या तुलनेत काही हजार पटींनी लहान. 5 सेंमी. लांबीत दोन ध्रुवणांमध्ये पडणारा फरक तरंगलांबीच्या सुमारे चाळीस हजाराव्या भागाएवढा होतो. काटकोनातल्या पोलरॉइडमधून बाहेर पडणारी तीव्रता या फरकाच्या वर्गावर ठरते, त्यामुळे 16 कोटी भागांतला जेमतेम एक भाग पडद्यावर येणार. आणि तुमचे पोलरॉइड मुळातच हजारात एक ते दहा हजारात एक भाग गळू देतात. समुद्रात पडलेला थेंब शोधण्यासारखे आहे ते.

चिमट्याचे गणित उलट. काचेवर चौरस सेंमी.ला सुमारे 10 किलो दाब पडला की 5 सेंमी. लांबीत जवळपास पाव तरंगलांबीचा फरक पडतो. म्हणजे चिमटा विजेपेक्षा दहा हजार पट मोठा परिणाम घडवतो. म्हणून ठोकळा आवळू नका. नुसता मऊ रबराच्या दोन पट्ट्यांवर ठेवा आणि पत्र्यांऐवजी काचेवर चांदीचा लेप किंवा ग्रॅफाइटचा रंग लावा.

परिणाम दाखवायचाच असेल तर मांडणी अशी करा. क्षेत्राची दिशा पोलरॉइडच्या अक्षांशी 45 अंशांत हवी. ठोकळ्यानंतर पाव-तरंग पट्टी (दोन ध्रुवणांत पाव तरंगलांबीचा फरक पाडणारी) घाला, तिचा अक्ष पहिल्या पोलरॉइडला समांतर न ठेवता 45 अंशांत, क्षेत्राच्या दिशेने ठेवा. आता निम्मा प्रकाश कायम आरपार येतो आणि त्यातला बदल फरकाच्या वर्गावर न ठरता थेट फरकावर ठरतो. दहा हजारात एखादा भाग एवढा बदल फोटोडायोड आणि लॉक-इन ॲम्प्लिफायर (ठरावीक वारंवारतेचाच संकेत निवडून मोजणारे उपकरण) आरामात पकडतात. व्होल्टेज उलटसुलट द्या, पण घरगुती 50 हर्ट्झचे नको. क्षेत्राचा वर्ग दुप्पट वारंवारतेने बदलतो, म्हणजे संकेत 100 हर्ट्झला येणार, आणि वर्गातल्या ट्यूबलाइटही नेमक्या 100 हर्ट्झलाच लुकलुकतात. 370 हर्ट्झ द्या आणि 740 वर शोधा. तरीही जे दिसेल ते सगळे केरचे मानू नका. दोन बाजूंचे लेप एकमेकांना ओढून काच किंचित दाबतात, आणि तो दाबही क्षेत्राच्या वर्गाच्याच प्रमाणात असतो. तुमच्या ठोकळ्यात त्याचा वाटा केर परिणामाच्या पाव हिश्श्याच्या आसपास जाऊ शकतो.

सुरक्षेसाठी पुरवठ्याच्या ओळीत सुमारे 5 मेगाओहमचा रोध हवाच. साधा एकच रोध 5000 व्होल्ट सहन करत नाही, त्याच्या अंगावरून ठिणगी जाते. 270 किलोओहमचे अर्ध्या वॅटचे वीस रोध ओळीने जोडा. नायट्रोबेंझीनने परिणाम सहज दिसतो हे खरे, पण ते विषारी असून त्वचेतून शरीरात जाते. शाळा-महाविद्यालयात ते आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : निओडिमियम-याग लेझरमधला पॉकेल्स सेल (व्होल्टेज देऊन प्रकाश अडवणारा किंवा सोडणारा स्फटिक) बदलल्यापासून लेझर पूर्ण अडत नाही, मुख्य स्पंदाआधीच थोडा प्रकाश निसटतो. व्होल्टेज वाढवूनही उपयोग नाही. (यंत्रदुरुस्ती करणारे वाचक)

व्होल्टेजच्या आधी दिशा तपासा. ज्या स्फटिकांच्या रचनेत सममितीचे केंद्र नसते, त्यांत अपवर्तनांक क्षेत्राच्या सरळ प्रमाणात बदलतो. फ्रिडरिश पॉकेल्स यांनी 1893 मध्ये याचा नीट अभ्यास मांडला. काचेत सगळ्या दिशा सारख्याच, म्हणून क्षेत्र उलटे केले तरी तिला फरक कळत नाही आणि वर्गाचा क्षीण परिणाम तेवढा उरतो. स्फटिकाला मात्र डावे-उजवे कळते.

तुमच्या सेलमध्ये बहुधा ड्युटेरियमयुक्त पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट असेल. त्यात प्रकाश प्रकाशीय अक्षावरूनच गेला पाहिजे, नाहीतर स्फटिकाचे नैसर्गिक द्विअपवर्तन मध्ये येते. ते व्होल्टेजने कधीच पुरते झाकले जात नाही, आणि तुमच्याकडे नेमके हेच घडत असावे.

लेझरचे स्फुरण बंद ठेवून वाटेवर एक लहान हेलियम-निऑन किंवा हिरवा लेझर जुळवा. सेलच्या दोन्ही बाजूंना काटकोनात पोलरॉइड लावा आणि सेलच्या आधी भिंगे पुसायचा पातळ कागद धरा, म्हणजे प्रकाश विखुरला जाईल. पडद्यावर काळा क्रूस आणि भोवती वलये दिसतील. क्रूसाच्या मध्यावर स्फटिकाचा अक्ष असतो. कागद काढला की लेझरचा ठिपका जिथे पडतो, तिथे क्रूसाचा मध्य येईपर्यंत सेलचे दोन्ही स्क्रू फिरवा. व्होल्टेज शून्य असताना मध्य काळाकुट्ट दिसला पाहिजे. क्रूसाचा मध्य फाटून दोन कमानी झाल्या असतील तर स्फटिकावर ताण आहे, म्हणजे सेल जास्त आवळला गेला आहे.

यानंतर व्होल्टेज. 1064 नॅनोमीटरला पाव-तरंगासाठी 3 ते साडेतीन किलोव्होल्ट लागतात. 2.8 पासून 50-50 व्होल्टनी वाढवत जा आणि गळती सर्वांत कमी होते तिथे थांबा, पुढे गेलात तर ती पुन्हा वाढते. या मांडणीत क्षेत्र प्रकाशाच्याच दिशेने असल्यामुळे स्फटिक लांब घेऊन व्होल्टेज वाचत नाही. लिथियम नायोबेटसारख्या स्फटिकात क्षेत्र आडवे देता येते, तेव्हा लांबी वाढवून आणि जाडी कमी करून ते काही शे व्होल्टवर आणता येते.

हा स्फटिक पाणी शोषतो. त्याच्या तोंडावर दुधी डाग दिसले तर खिडकीचे सील गेले आहे असे समजा. पावसाळ्यात सेल बाहेर काढून ठेवू नका, आणि त्याला कधीही पाण्याने किंवा ओल्या कापडाने पुसू नका.

प्रश्न : लिथियम नायोबेटमधून हिरव्या लेझरचा झोत सोडला की मिनिटाभरात गोल ठिपका एका दिशेने फाकून पट्ट्यासारखा होतो. स्फटिक खराब झाला का? (एम. एस्सी. विद्यार्थी)

खराब नाही, त्याच्या अंगात प्रकाशाची आठवण राहिली आहे. 1966 मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये आर्थर ॲश्किन (पुढे 2018 चे नोबेल मिळालेले) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच पाहिले, आणि त्याला ‘प्रकाशीय इजा’ असेच नाव पडले. स्फटिकात अशुद्धी म्हणून असलेल्या लोहाच्या आयनांतून हिरवा प्रकाश इलेक्ट्रॉन सोडवतो. ते मुख्यतः स्फटिकाच्या ध्रुवीय अक्षावरून सरकतात आणि अंधाऱ्या भागात अडकतात. भार वेगळे झाले की आत विद्युत क्षेत्र तयार होते, आणि पॉकेल्स परिणामाने तेच क्षेत्र अपवर्तनांक बदलते. म्हणून झोत त्या अक्षाच्या दिशेनेच फाकतो. तुमचा स्फटिक 90 अंश फिरवा, पट्टाही फिरेल.

उपाय : स्फटिक हळूहळू 200 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तासभर ठेवा, भार पुन्हा मिसळतात. तापवताना आणि गार करताना मिनिटाला दोन-तीन अंशांपेक्षा घाई नको. हा स्फटिक तापमान बदलले की पृष्ठभागावर वीज साठवतो, आणि घाईत तो तडकतो किंवा त्यावर ठिणग्या उडतात. कायमचा इलाज म्हणजे 5 मोल टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड घातलेला स्फटिक. किंवा 1064 नॅनोमीटरला काम करा, तिथे हा त्रास बराच कमी. उलट होलोग्राम साठवणाऱ्यांना हीच इजा हवी असते, म्हणून ते मुद्दाम लोह मिसळतात.

प्रश्न : उन्हात काळा होणारा माझा चष्मा गाडीत बसल्यावर काळा का होत नाही? आणि नागपूरच्या उन्हाळ्यापेक्षा महाबळेश्वरच्या थंडीत जास्त काळा का होतो? (वाचक, नागपूर)

इथे अपवर्तनांकापेक्षा प्रकाशाचे शोषण बदलते. काचेचा चष्मा असेल तर त्यात सुमारे 10 नॅनोमीटरचे सिल्व्हर हॅलाइडचे असंख्य कण आणि किंचित तांबे असते. कॉर्निंगच्या विल्यम आर्मिस्टेड आणि डोनाल्ड स्टुकी यांनी 1964 मध्ये या काचेचे वर्णन प्रसिद्ध केले. अतिनील प्रकाश पडला की तांब्याचा इलेक्ट्रॉन चांदीच्या आयनाला मिळतो, धातूरूप चांदीचे ठिपके तयार होतात आणि काच काळवंडते. फोटोच्या फिल्मवर हॅलोजन निघून जातो, म्हणून तिथला काळेपणा कायमचा. काचेत तो जागेवरच अडकतो आणि अंधारात क्रिया उलटते. ही उलट क्रिया उष्णतेने वेग घेते, म्हणून 45 अंशांच्या उन्हात काच काळी होता होताच उजळतही असते.

गाडीच्या पुढच्या काचेच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो अतिनील प्रकाश अडवतो. चष्म्याचा दोष नाही. नोटा तपासायच्या अतिनील दिव्याखाली भिंग धरून बघा, लगेच काळे होईल. हल्ली बहुतेक भिंगे प्लास्टिकची असतात, त्यांत चांदी नसून सेंद्रिय रंगद्रव्ये असतात. गरमीचा नियम त्यांनाही लागू. फक्त ती काही वर्षांत थकतात, चांदीची काच थकत नाही.

प्रश्न : ऑफिसच्या केबिनची काच वीज गेली की दुधी होते. उलट नको का? (वाचक, ठाणे)

नाही, ती तशीच असायची. दोन काचांमधल्या पापुद्र्यात द्रव-स्फटिकाचे मायक्रोमीटरभर थेंब असतात. 50-60 व्होल्टचे उलटसुलट व्होल्टेज मिळाले की रेणू एका दिशेत उभे राहतात, थेंबांचा अपवर्तनांक भोवतालच्या प्लास्टिकशी जुळतो आणि काच पारदर्शक होते. वीज गेली की रेणू अस्ताव्यस्त, प्रकाश विखुरतो. एकदिश वीज कधीही देऊ नका, आयन एका बाजूला जमून पापुद्रा पिवळा पडतो. दुधी झाल्यावरही प्रकाशाचा बराच भाग आत येतो, त्यामुळे तिने एसीचे बिल कमी होईल असे विकणारा सांगत असेल तर मनावर घेऊ नका.

प्रश्न : काचेला स्फटिकासारखे ‘डावे-उजवे’ शिकवता येईल का? (पहिल्याच पत्रातले शिक्षक)

येते, थोडे. 1991 मध्ये मायर्स, मुखर्जी आणि ब्रुएक यांनी अमेरिकेत ते करून दाखवले. वितळवलेल्या क्वार्ट्झची दीड मिमी. जाडीची चकती दोन धातूंच्या पत्र्यांमध्ये धरून 275 अंशांपर्यंत तापवतात, 4 ते 5 किलोव्होल्ट एकदिश व्होल्टेज अर्धा-पाऊण तास देतात आणि ते चालू ठेवूनच चकती खोलीच्या तापमानाला आणतात. उष्णतेत सोडियमचे मोजके आयन मोकळे होऊन ऋणाग्राकडे सरकतात. धनाग्राखालचा 10-एक मायक्रोमीटरचा थर सोडियमविना उरतो, आणि गार झाल्यावर तिथे मीटरला 10 कोटी व्होल्टहून प्रबळ क्षेत्र गोठून बसते. या आतल्या क्षेत्राच्या जोरावर बाहेरच्या लहान क्षेत्राचा परिणाम सरळ प्रमाणात येतो. लिथियम नायोबेटच्या तुलनेत तो बराच लहान.

बिघडते ते बहुधा व्होल्टेज आधी बंद केल्याने, कारण गरम काचेत आयन परत फिरतात आणि काहीच उरत नाही. खिडकीची साधी काच घेऊ नका. तिच्यात सोडियम इतके असते की 275 अंशांना ती चांगलीच वीज वाहते, तापते आणि फुटते. अतिशुद्ध कृत्रिम सिलिकातही परिणाम क्षीण येतो, सोडियम थोडे तरी लागतेच. जमले की नाही हे पाहायला 1064 नॅनोमीटरचा स्पंद लेझर चकतीवर पाडा आणि निघणारा 532 चा, म्हणजे निम्म्या तरंगलांबीचा, हिरवा प्रकाश मोजा; ‘डावे-उजवे’ शिकलेली काचच तो देते. चकती झोताला सरळ काटकोनात ठेवली तर हिरवे शून्यच दिसेल, ती 60 अंशांच्या आसपास तिरपी करा.